फ्लॅटपॅक-स्नॅप अ‍ॅपला फाइल दिसत नाही, पेनड्राइव्ह उघडत नाही, मराठी उमटत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जुळलं तरच पुढचं तुमच्या कामाचं.

पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसतो, पण अ‍ॅपमधून उघडायला गेलं की 'पर्मिशन डिनाइड' येतं. फाइल ओढून अ‍ॅपवर टाकली तर काहीच होत नाही. डाउनलोड पूर्ण झालं असं ब्राउझर सांगतो आणि ब्राउझर बंद केल्यावर फाइल कुठेच नसते. अ‍ॅप क्लिक केल्यावर जवळजवळ अर्धा मिनिट काहीच होत नाही, मग एकदम उघडतं. तुमच्या मशीनवर असलेला मराठी फाँट त्या एकाच अ‍ॅपच्या यादीत नसतो. काल चालणारं अ‍ॅप आज काळा चौकोन दाखवून बंद पडतं. डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीची किल्ली) लावलंय, दिवा लागलाय, ब्राउझरला मात्र ते सापडत नाही.

गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यात मी लिनक्सची मशीनं बसवतो आणि सांभाळतो. शाळा आहेत, देवस्थान समितीचं कार्यालय आहे, भजनी मंडळं आहेत, काही हिशेबनीस आहेत. त्यांच्याकडून येणाऱ्या फोनांत वरच्या तक्रारी वारंवार असतात, आणि बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या लिनक्सवर अ‍ॅप बसवायच्या दोन पद्धती; त्यांतून आलेली अ‍ॅपं भिंतीआड चालतात, यालाच सँडबॉक्स म्हणतात. आपल्या सगळ्या फायली त्या अ‍ॅपला दिसू नयेत म्हणूनच ती भिंत घातलेली आहे. आपलं काम तेवढं एक दार शोधून उघडायचं. अख्खी भिंत पाडून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो घेऊ नका. का, ते पुढे येईल.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

दोन मिनिटांच्या तपासण्या

सगळ्यात आधी फाइल मॅनेजर उघडा, ज्या ठिकाणी अडचण येते तिथे जा आणि एक नवा फोल्डर करून बघा. फोल्डर होत नसेल तर दोष सँडबॉक्सचा नाही, पुढच्या सगळ्या परवानग्या देऊन उपयोग नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असलेल्या लोकांकडे हे सतत होतं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याची ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडते. विंडोजमध्ये जाऊन ते बंद करा, नीट शटडाउन करा. काम झालं.

मग बघा, आपण नेमकं कुठलं अ‍ॅप उघडतोय. एकच अ‍ॅप तीन मार्गांनी आलेलं मी कितीतरी मशीनवर पाहिलंय: एक डेब पॅकेज (उबुंटू-मिंटचं नेहमीचं, भिंतीशिवायचं), एक फ्लॅटपॅक, एक स्नॅप. मेनूत तिन्हींचं चित्र सारखं. माणूस फ्लॅटपॅकला परवानगी देतो आणि उघडतो स्नॅप. 'फ्लॅटपॅक लिस्ट' आणि 'स्नॅप लिस्ट' या दोन कमांड चालवल्या की कुठलं काय आहे ते कळतं. फ्लॅटपॅक स्वतःसुद्धा दोन ठिकाणी बसू शकतं, सगळ्या मशीनसाठी किंवा एका वापरकर्त्यापुरतं. जास्तीची प्रत काढायची ती मात्र घाईने नको. त्याचं कारण शेवटी सांगतो.

परवानगी बदलली असेल तर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. खिडकी बंद केली म्हणजे अ‍ॅप बंद झालं असं नाही, काही अ‍ॅपं घड्याळाजवळच्या पट्टीत जागी राहतात. परवानगी वाचली जाते ती अ‍ॅप सुरू होताना. 'फ्लॅटपॅक पीएस' लिहिलं की काय चालू आहे ते दिसतं, 'फ्लॅटपॅक किल' आणि पुढे अ‍ॅपची आयडी ('फ्लॅटपॅक लिस्ट'मध्ये दिसतं ते लांब नाव) लिहिली की ते थांबतं.

घड्याळ आणि जागा. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, पावसाळ्यात दिवसभर वीज नसते, परत चालू केल्यावर तारीख भलत्याच वर्षावर गेलेली असते. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र खोटं ठरतं आणि फ्लॅटहबवरून, म्हणजे फ्लॅटपॅकच्या मुख्य भांडारातून, काहीच उतरत नाही. त्याच वेळी डिस्कची मोकळी जागाही बघून घ्या. अ‍ॅप लहान दिसलं तरी त्याच्याबरोबर येणारी रनटाइम, म्हणजे अ‍ॅपला लागणारं सामायिक सामान, शेकडो एमबीची असते. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल, डॅश-डॅश-अनयूज्ड' ही कमांड नको असलेल्या रनटाइम काढते. अपडेट चालू असतानाच वीज गेली असेल तर 'फ्लॅटपॅक रिपेअर' सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा, अर्धवट आलेले तुकडे शोधून ते काढून टाकतं. जे काढलं गेलं ते पुन्हा उतरवावं लागेल, म्हणून हे इंटरनेट नीट असताना करा.

'रनटाइमची मुदत संपली' अशी सूचना दिसली तर घाबरू नका, त्याने अ‍ॅप बंद पडत नाही. फ्रीडेस्कटॉपच्या रनटाइमचं नाव २४.०८ असं वर्ष-महिन्याचं असतं आणि ठरावीक काळाने जुनीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं थांबतं. अ‍ॅप बनवणाऱ्याने नव्या रनटाइमवर यायला हवं, तुमच्या हातात त्यात फारसं काही नाही.

ओढून टाकू नका, अ‍ॅपमधूनच उघडा

फुकटची आणि सगळ्यात जास्त यश देणारी तपासणी ही. अ‍ॅपच्या मेनूतलं 'ओपन' वापरा. ती जी फाइल निवडायची खिडकी येते ती अ‍ॅपची नसते, भिंतीबाहेरची असते. तिला पोर्टल म्हणतात. तुम्ही स्वतः फाइल निवडलीत म्हणजे ती द्यायला तुमची हरकत नाही, असं धरून पोर्टल तेवढीच एक फाइल आत सरकवतं. ओढून टाकलेल्या फायलीच्या बाबतीत अ‍ॅपला बहुतेकदा नुसता पत्ता मिळतो, आणि तो पत्ता भिंतीपलीकडचा असतो.

याचीच दुसरी बाजू. पोर्टलने एक फाइल दिली म्हणजे तिच्या शेजारच्या फायली दिल्या असं होत नाही. सेव्ह करून ठेवलेलं वेबपान उघडलं तर मजकूर येतो, चित्रं येत नाहीत, कारण चित्रं शेजारच्या फोल्डरात असतात. तसंच व्हिडिओ चालतो आणि त्याची उपशीर्षकं येत नाहीत. अशा वेळी अख्ख्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते. आणि अलीकडे उघडलेल्या फायलींच्या यादीत 'रन, यूजर, १०००, डॉक' असा विचित्र पत्ता दिसला तर तो पोर्टलचा आतला पत्ता आहे. तुमची फाइल मूळ जागीच आहे, तिथे जाऊन बघा.

मराठी नावाचे फोल्डर

एका मराठी प्राथमिक शाळेतून बाईंचा फोन आला. "आवय गे! फायल खंय गेली?" इथपासूनच सुरुवात. परिपत्रक डाउनलोड केलं, ब्राउझरमध्ये उघडून वाचलंसुद्धा, छापायला म्हणून दुपारी बघितलं तर फाइल नाही. तीनदा तसंच झालेलं. मशीनमध्ये व्हायरस आहे अशी त्यांची खात्री झाली होती.

मी जाऊन बघितलं. बाईंनी मशीनची भाषा मराठी केली होती, चांगलीच गोष्ट. मग मुलांना वाचता यावं म्हणून घरच्या फोल्डरात 'उतरवलेले', 'कागदपत्रे' असे नवे फोल्डर केले आणि इंग्रजी नावांचे पुसून टाकले. इथे घोटाळा झाला. डाउनलोडचा फोल्डर कुठला, हे एका छोट्या फायलीत लिहिलेलं असतं. घरच्या फोल्डरात 'डॉट कॉन्फिग' नावाचा लपलेला फोल्डर आहे, त्यात 'यूजर-डर्स डॉट डर्स' ही ती फाइल. तिथे लिहिलेला फोल्डर सापडला नाही तर पुढच्या लॉगइनला त्या जागी नुसतं घर लिहिलं जातं. ब्राउझरला परवानगी होती फक्त डाउनलोड फोल्डरची. डाउनलोड म्हणजेच अख्खं घर असं दिसलं की फ्लॅटपॅक ती परवानगी देतच नाही, सोडून देतं, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एका चुकीने सगळं घर उघडं पडेल. मग ब्राउझरने फाइल ठेवली ती भिंतीआडच्या तात्पुरत्या घरात. ते घर मेमरीत असतं. ब्राउझर चालू आहे तोवर फाइल दिसते, उघडते, वाचता येते. ब्राउझर बंद केला की घर गेलं, फाइलही गेली.

उपाय पाच मिनिटांचा. Ctrl आणि H दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, डाउनलोडच्या ओळीत घरापुढे तुमच्या मराठी फोल्डरचं नेमकं नाव लिहा, जतन करा, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. बाईंच्या मशीनवर तो 'उतरवलेले' फोल्डर आजही आहे आणि परिपत्रकं त्यातच जातात. फोल्डरांची नावं मराठीत ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त मशीनला ती कळवायला हवीत.

परवानगी द्यायची ती नेमकी

इथवर जमलं नाही तर 'फ्लॅटसील' नावाचं अ‍ॅप बसवा. डाव्या बाजूला अ‍ॅपांची यादी, उजवीकडे त्या अ‍ॅपला काय काय मोकळं आहे त्याची बटणं. केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप ५.२७ किंवा पुढचं असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्येच हे पान आहे, वेगळं काही नको. 'फाइलसिस्टिम' या भागात 'अदर फाइल्स'मध्ये हवा तो फोल्डर जोडा. पेनड्राइव्ह उबुंटू आणि मिंटवर 'मीडिया'च्या खाली येतो, फेडोरावर 'रन'मधल्या 'मीडिया'खाली. नुसतं वाचायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी कोलन आणि 'आरओ' लावा, मग अ‍ॅप तिथे काही लिहूच शकत नाही. जुन्या फोटोंचा किंवा नाटकांच्या संहितांचा साठा असेल तर मी नेहमी असंच करतो.

'ऑल सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबलं की बऱ्याच तक्रारी एका झटक्यात मिटतात, म्हणून लोक तेच सांगतात. पण ते दाबल्यावर त्या अ‍ॅपला तुमचं अख्खं घर, बँकेचे कागद, दुसऱ्या ड्राइव्ह, सगळं लिहायलासुद्धा मोकळं होतं. मग सँडबॉक्स असून नसल्यासारखा. एका फोल्डरसाठी एक ओळ टाइप करायचे कष्ट घ्या, मी हात जोडून सांगतो.

अजून एक फसवी जागा म्हणजे शॉर्टकट, म्हणजे सिमलिंक. घरच्या कागदपत्रांच्या फोल्डरात दुसऱ्या ड्राइव्हवरच्या फोल्डरचा सिमलिंक करून ठेवलेला असतो. अ‍ॅपला घराची परवानगी आहे, सिमलिंक त्याला दिसतोही, पण तो ज्या फोल्डरकडे बोट दाखवतो तो फोल्डर भिंतीबाहेर आहे. परवानगी सिमलिंकला न देता मूळ फोल्डरला द्या.

आधी कुणी बरेच प्रयोग करून ठेवले असतील तर नवीन बटणं दाबण्याआधी जुनी पुसा. फ्लॅटसीलमध्ये वर 'रिसेट' आहे. कॅमेरा किंवा स्क्रीन दाखवायला पूर्वी कधी 'नको' म्हटलं असेल तर तेही मशीन लक्षात ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. त्यासाठी 'फ्लॅटपॅक परमिशन-रिसेट' आणि पुढे अ‍ॅपची आयडी.

स्नॅपचं गणित थोडं वेगळं

एका भजनी मंडळाचं सप्ताहाचं ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर होतं, आणि ऐकायचं अ‍ॅप स्नॅप होतं. ड्राइव्ह नवी आणून झाली, पुन्हा कॉपी करून झालं, तरी 'पर्मिशन डिनाइड'. स्नॅपमध्ये परवानगीला इंटरफेस म्हणतात, आणि पेनड्राइव्हचा इंटरफेस बहुतेक अ‍ॅपांना आपोआप जोडलेला नसतो. उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन्सच्या पानावर ते अ‍ॅप निवडलं की बटण दिसतं. टर्मिनलमधून करायचं तर सुडो स्नॅप कनेक्ट, मग अ‍ॅपचं नाव, लगेच कोलन, आणि रिमूव्हेबल-मीडिया. 'स्नॅप कनेक्शन्स' आणि अ‍ॅपचं नाव लिहिलं की काय जोडलंय, काय नाही, त्याचा तक्ता येतो. ज्या ओळीत तिसऱ्या रकान्यात नुसती आडवी रेघ, तो इंटरफेस जोडलेला नाही.

घरातले डॉटने सुरू होणारे लपलेले फोल्डर स्नॅपला नेहमीच्या होम इंटरफेसमधून दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि हरवलेली फाइल घरातल्या 'स्नॅप' फोल्डरात, त्या अ‍ॅपच्या नावाखाली, 'करंट'मध्ये शोधा. पुष्कळदा तिथे मिळते.

पंचवीस सेकंद

अ‍ॅप उघडायला लागणारा वेळ मोबाइलच्या घड्याळावर मोजा. सुमारे २५ सेकंद आले, आणि दर वेळी तेवढेच आले, तर अ‍ॅप जड नाही. ते पोर्टलला हाक मारतंय आणि पोर्टल उत्तर देत नाहीये. डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या वाटेवर, उत्तराची वाट बघायची नेहमीची मर्यादाच २५ सेकंदांची आहे. याच मशीनवर 'ओपन' दाबल्यावर फाइल निवडायची खिडकी येत नाही, असंही दिसेल.

'एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल' हे पॅकेज आणि त्याच्या जोडीला तुमच्या डेस्कटॉपचं पॅकेज, दोन्ही लागतात. नोमला नोमचं, केडीईला केडीईचं, मिंटच्या सिनॅमनला एक्सअ‍ॅपचं. हलका डेस्कटॉप किंवा नुसता विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी जीटीकेचं बसवावं. २०२३ नंतरच्या आवृत्त्यांत कुठल्या डेस्कटॉपला कुठलं पोर्टल हे 'पोर्टल्स डॉट कॉन्फ' या फायलीवरून ठरतं, म्हणून जुन्या मशीनवर अपडेटनंतर अचानक ही तक्रार सुरू होते. पॅकेज बसवून लॉगआउट-लॉगइन करा.

मराठी फाँट आणि टायपिंग

मशीनवर बसवलेले फाँट फ्लॅटपॅकला आपोआप दिसायला हवेत. दिसत नसतील तर फाँट कुठे ठेवलाय ते बघा. डाउनलोड फोल्डरात ठेवून त्याचा सिमलिंक केला असेल तर वरचीच गोष्ट. घरच्या 'डॉट लोकल, शेअर, फाँट्स'मध्ये फाइल प्रत्यक्ष कॉपी करा. तरीही नसेल तर त्या अ‍ॅपची फाँटची जुनी यादी पुसा: 'डॉट व्हार, अ‍ॅप', अ‍ॅपची आयडी, 'कॅश', आणि त्यातला 'फाँटकॉन्फिग' फोल्डर. तो पुसला तर अ‍ॅप नवा बनवतं, धोका नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या स्मरणिका आणि पत्रिका 'म' ऐवजी भलतीच रोमन अक्षरं दाखवतात, तो प्रश्न सँडबॉक्सचा नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

टायपिंग एकाच अ‍ॅपमध्ये अडत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टचा साधा लेआउट जोडून बघा. तो उमटला तर अ‍ॅप ठीक आहे, अडचण आयबस किंवा एफसीआयटीएक्स या टायपिंगच्या साधनांच्या जोडणीत आहे. बऱ्याच जणांना मी शेवटी इनस्क्रिप्टवरच आणतो. पंधरा दिवसांत हात बसतो आणि तो सगळीकडे चालतो.

अपडेटनंतर बंद पडलेली अ‍ॅपं

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मशीनवरच्या ड्रायव्हरचा क्रमांक आणि फ्लॅटपॅकच्या आतल्या एनव्हिडिया विस्ताराचा क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो. सिस्टिम अपडेट केली, फ्लॅटपॅक राहिलं, की अ‍ॅप काळं पडतं किंवा गोगलगायीसारखं चालतं. 'फ्लॅटपॅक अपडेट' करा, मशीन रीस्टार्ट करा.

उबुंटू २४.०४ वर काही अ‍ॅपइमेज (न बसवता चालणारी, एकाच फायलीतली अ‍ॅपं) उघडतच नाहीत. एक कारण म्हणजे ती फाइल आतून उघडून देणाऱ्या फ्यूजची जुनी लायब्ररी नसते, ती 'लिबफ्यूज२टी६४' या नावाने मिळते. दुसरं कारण म्हणजे त्या आवृत्तीपासून अ‍ॅपआर्मरने (उबुंटूच्या सुरक्षा-पहारेकऱ्याने) साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर, म्हणजे वेगळा आडोसा बनवायच्या सोयीवर, बंधन घातलंय, आणि क्रोमियम ब्राउझरवर बांधलेल्या अ‍ॅपांचा स्वतःचा सँडबॉक्स त्याच्यावरच उभा असतो. 'नो-सँडबॉक्स' लावून चालवा असा सल्ला मिळेल. निदान जे अ‍ॅप इंटरनेटवरचा मजकूर उघडतं त्याला तो लावू नका. त्याच अ‍ॅपचं डेब किंवा फ्लॅटपॅक शोधा.

लिनक्स मिंट २२ मध्ये एखादं फ्लॅटपॅक सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये सापडतच नसेल तर ते 'अनव्हेरिफाइड' (बनवणाऱ्याची ओळख न पडताळलेलं) म्हणून लपवलेलं असू शकतं. स्नॅप तर मिंट २० पासून मुळातच बंद ठेवलेलं आहे.

जिथे भिंत नकोच

डिजिटल सहीच्या टोकनासाठी भांडत बसू नका. ब्राउझरला टोकनची लायब्ररी मशीनच्या आतल्या फोल्डरातून उचलावी लागते, आणि फ्लॅटपॅक-स्नॅपमधल्या फायरफॉक्सला तो फोल्डर दिसत नाही. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच येतो, म्हणून हिशेबनीसांकडे ही तक्रार ठरलेली. मोझिला जानेवारी २०२४ पासून, फायरफॉक्स १२२ पासून, स्वतःच्या भांडारातून डेब पॅकेज देते. ते बसवा आणि टोकनचं काम त्याच्यात करा. स्कॅनरचं आणि प्रोग्रॅमिंगच्या एडिटरचंही तसंच. मशीनवरचा कंपायलर फ्लॅटपॅकमधल्या एडिटरला दिसत नाही, तिथे साधं पॅकेजच सोयीचं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

अ‍ॅप काढून पुन्हा बसवायचं मनात आलं की आधी घरातला 'डॉट व्हार'मधला 'अ‍ॅप' फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. ब्राउझरचे पासवर्ड, बुकमार्क, सगळं त्यातच असतं. फ्लॅटपॅक काढताना सॉफ्टवेअर स्टोअर 'डेटाही पुसू का' असं विचारू शकतं आणि लोक घाईत 'हो' म्हणतात. ते परत आणायची सोय नाही. स्नॅप काढताना साधारण ३१ दिवस एक प्रत ठेवतं, 'पर्ज' लावलं असेल तर तीही नाही. कॉपी करता येत नसेल, तर तिथेच हात थांबवा.

'फ्लॅटपॅक रिपेअर' परत परत तेच तुकडे खराब म्हणत असेल, किंवा कॉपी करताना 'इनपुट-आउटपुट एरर' येत असेल, तर डिस्क जात चाललीय. मशीन बंद करा. चालू ठेवून प्रयोग केले तर उरलेलंही जातं.

टोकनचा पिन चुकतोय असं आलं तर तिसऱ्यांदा अंदाजाने टाकू नका. ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, मग ज्यांनी ते दिलं त्यांच्याकडेच जावं लागतं. विवरणपत्राची शेवटची तारीख उद्यावर असेल तर आजच त्यांना फोन करा.

ड्रायव्हर बदलल्यावर लॉगइनची खिडकीच येत नसेल, किंवा मशीन कार्यालयाचं असून सुडोचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल, तर ते काम ते मशीन सांभाळणाऱ्याचं. त्याला बोलावताना चार गोष्टी लिहून ठेवा: अ‍ॅप फ्लॅटपॅक आहे की स्नॅप, चुकीच्या संदेशाचा फोटो, 'फ्लॅटपॅक इन्फो, डॅश-डॅश-शो-परमिशन्स' आणि अ‍ॅपच्या आयडीने दाखवलेला मजकूर, आणि शेवटचं अपडेट कधी केलं. एवढं हातात असलं तर वाळपईहून येणाऱ्याची एक खेप वाचते.